गुळाच्या खड्याने अ‍ॅसिड जात नाही

माझा मेहुणा भोसरीत एका प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, पिकलिंगच्या (अ‍ॅसिडने गंज काढायच्या) आणि क्रोमच्या टाक्यांत जॉब, म्हणजे सुटे भाग, बुडवतो. त्याला सुपरवायझरनेच एक फिरता मेसेज पाठवला आणि त्याने तो मोठ्या विश्वासाने घरच्या ग्रुपवर टाकला. मेसेज सांगतो: शिफ्ट सुटली की गूळ खा, फुफ्फुसं धुऊन निघतात, वास येत नाही तोवर काळजी नको, शरीर हळूहळू सरावतं, छताला एक्झॉस्ट आणि तोंडाला ओला रुमाल पुरे, हवा मोजणं हे मोठ्या कंपन्यांचे चोचले.

गुळाचं आधी. नाइलाजाने मान्य करतो, याला एक धागा आहे. लखनऊच्या संशोधकांनी १९९४ मध्ये छापलेल्या प्रयोगात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून कोळशाचे, सिलिकाचे कण जास्त हललेले दिसले. उंदीर, आणि धूळ! टाक्यांवरून उठणारं अ‍ॅसिडचं धुकं धुळीसारखं साचून राहत नाही, नाक-घशाच्या ओल्या आवरणाला लागलं की तिथेच भाजतं. मेहुण्याच्या पुढच्या दातांच्या कडा झिजून आखूड झाल्यात. त्यावर रोज चिकट गूळ चघळायचा म्हणजे कमालच.

पण खरा संताप येतो तो ‘शरीर सरावतं’ वाचून. सरावते ती चुरचुर, इजा चालूच राहते. क्रोमिक अ‍ॅसिडच्या धुक्याने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं आणि ते बरेचदा दुखतही नाही. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या नाकात एकदा टॉर्च मारून घ्या. आणि वासाचं म्हणाल तर सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या धुक्याला वासच नसतो; पिकलिंगला नाकात झणझणतं ते बहुतेक हायड्रोक्लोरिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच सल्फ्युरिक असलेल्या तीव्र आम्लांच्या धुक्यातलं काम माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. पुरावा स्वरयंत्राच्या कर्करोगाचा होता. २०१२ च्या फेरतपासणीतही तो निष्कर्ष टिकला. आता यापुढे सुपरवायझरचा अनुभव काय सांगायचा?

मोजणं चोचले असते तर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात हवेतल्या घातक रसायनांच्या मर्यादांची अनुसूची आलीच नसती. त्यात सल्फ्युरिकला आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस तर ०.२ ची आहे. हे आकडे नाकाने कळत नाहीत, लिटमसनेही नाही. मोजायचं ते असं: कमरेला हवा ओढणारा छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर, माणूस नेहमीसारखा काम करत असताना शिफ्टभर. मग तो फिल्टर लॅबमध्ये.

छताचा पंखा तर उलटा घात करतो. क्रोमच्या टाकीत बहुतेक करंट हायड्रोजन काढण्यातच जातो. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तेच धुकं. वरून ओढलं की ते वाकलेल्या माणसाच्या तोंडावरूनच जाणार. ओढायचं टाकीच्या काठाशी, लांबट फटीतून. फेस धरणारं रसायन किंवा तरंगते प्लॅस्टिकचे गोळे टाकले की धुकं मुळातच कमी उठतं.

रुमालावर शब्द घालवत नाही.

मेहुण्याला एवढंच सांगितलंय: मागच्या मोजणीचा कागद माग. पंप कुणाच्या कॉलरला होता, किती तास चालला आणि त्या दिवशी सगळ्या टाक्या चालू होत्या का, ते बघ. कागदच नसेल तर मोजणीची मागणी लेखी दे आणि पोच घे.