आजी कॅप्सूल गिळत होती

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा, काय करूलास? आमच्या ग्रुपला एक ग्रीन पॉलिसी पायजे, तुमच्या तिकडं असतंय म्हणे, पाठव की." भाचा बेळगावात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्या पोरापोरींचा एक ग्रुप आहे, महिन्यातनं एकदा खानापूर तालुक्यातलं एखादं गाव धरायचं, बीपी-शुगर बघायची, गोळ्या द्यायच्या, संध्याकाळी परत. आणि मी इंग्लंडात इमर्जन्सीला नर्स, अकरा वर्षं झाली, म्हणजे त्याच्या हिशेबानं पर्यावरणाचा तज्ज्ञच.

पॉलिसी आहे हो इथं, नाही कशाला म्हणू. एनएचएसनं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, 2020 मध्ये जाहीर केलं की स्वतःच्या हातातला कार्बन 2040 पर्यंत नेट झिरो करणार, म्हणजे जेवढा सोडला तेवढा भरून निघेल असं, आणि औषधं-सामान पुरवणाऱ्यांचा धरून 2045 पर्यंत. 2022 मध्ये ते कायद्यातही घातलं. डेस्फ्लुरेन नावाचा भुलीचा गॅस जवळजवळ बंदच करून टाकला कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट हवा तापवतो. हे सगळं चांगलंच आहे. पण माझी एक शिफ्ट बघा. पोरगं सायकलवरनं पडून आलं, कपाळाला तीन टाके. पॅक फोडला, आत प्लास्टिकचा ट्रे, त्यात कात्री, चिमटा, सुई धरायचं होल्डर, सगळं चकचकीत स्टीलचं, आणि टाके झाले की ते सगळंच्या सगळं शार्प्सच्या, म्हणजे टोकदार वस्तूंच्या कचऱ्याच्या, डब्यात. एकदाच वापरायचं. नवीन होतो तेव्हा ती कात्री टाकताना हात अडायचा, आईनं बघितलं असतं तर घरी आणून कोथिंबीर कापली असती.

2019 मध्ये एक अहवाल आला होता, त्यात जगातल्या एकूण कार्बनपैकी 4.4 टक्के आरोग्यसेवेचा धरलाय, आणि माणशी बघितलं तर अमेरिकेतली आरोग्यसेवा आपल्या 57 पट कार्बन सोडते. म्हणून भाच्याला म्हटलं, पॉलिसीची गरज आम्हाला जास्त, तुम्हाला कशाला. ह्यावर तो लगेच खूश. पण डिसेंबरात सुट्टीला गेलो होतो तेव्हा त्यांच्याबरोबर एका शिबिराला मीही गेलो होतो जांबोटीच्या पुढच्या एका गावात, आणि तिथं जे बघितलं ते त्याला तेव्हा बोललो नव्हतो, ते आता लिहितोय.

आधी फ्लेक्सचं. शिबिराचा फ्लेक्स एकदा छापून आला तो नुसता कन्नड, गावातली पोरं म्हणाली इथं शंभर घरं मराठी, हे कोण वाचणार. दुसरा छापला त्यात मराठी वर आणि कन्नड खाली, तर ग्रुपमधलाच एक म्हणाला नको रे बाबा, 2024 पासून दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा आहे, उगाच कोणतरी येऊन फाडणार. मग तिसरा. तीन फ्लेक्स, दोन तसेच गुंडाळून बसच्या डिकीत. आणि कर्नाटकात फ्लेक्सवर बंदी आहे 2016 पासून! प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटा, कप, सगळ्यावर. भाषेवर तासभर भांडले, फ्लेक्स मुळात चालतो का हे कुणी विचारलंच नाही. उप्पीट पण थर्माकोलच्याच प्लेटीत, आणि समोर डोंगरभर जंगल, पत्रावळीला काय तोटा होता काय.

मग पिशवी. हे जरा गंभीर आहे. संध्याकाळी आवरताना कापूस, हातमोजे, शुगर बघायला बोट टोचायच्या सुया म्हणजे लॅन्सेट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, उप्पिटाच्या प्लेटा, सगळं एका काळ्या पिशवीत. पिशवी बेळगावात येऊन हॉस्टेलमागच्या कोंडाळ्यात. उचलताना मला दोन लॅन्सेटची टोकं बाहेर आलेली दिसली, सकाळी ती पिशवी पौरकार्मिक म्हणजे सफाईवाली बाई हातानं उचलणार. ह्याला इंग्लंडची पॉलिसी लागत नाही, आपलाच 2016 चा बायोमेडिकल वेस्टचा नियम आहे आणि त्यात शिबिरं पण येतात, हे पोरांना माहीतच नव्हतं. सुया-लॅन्सेट भोक पडणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, आणि 48 तासांच्या वर ठेवायचं नाही. परीक्षेत हे रंग विचारतात, पोरं घडाघडा सांगतात. गावात जाताना पांढरा डबा तेवढा कॉलेजातच राहतो. आणि बीपी बघायला हातमोजे कशाला घालता हेही मला कळलं नाही, निम्मा कचरा त्याचाच होता.

आता मुख्य गोष्ट. एक आजी आली, दम्याची, मागच्या शिबिरात तिला रोटाकॅप दिलेल्या, म्हणजे मशीनमध्ये फिरवून पावडर आत ओढायची कॅप्सूल. तुम्हाला सांगतो, इथं इंग्लंडात बहुतेकांकडं गॅसचा पंप असतो, त्यातला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपेक्षा जास्त पट तापवणारा, म्हणून इथले डॉक्टर ज्यांना जमेल त्यांना पावडरवर या म्हणून मागं लागलेत (लहान पोरं, फार थकलेली माणसं, त्यांना पंपच बरा). म्हणजे ज्या गोष्टीसाठी इथं मीटिंगा चालल्यात ती आमच्या आजीच्या कनवटीला आधीच आहे, आणि स्वस्तात! मी खुशीतच विचारलं, आजी कसं घेतीस? म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ गिळतो की पाण्यासंगट." आमच्याकडं बायका करतो-जातोच म्हणतात, त्यामुळं क्षणभर नुसतं माहेरचं ऐकल्यासारखं बरं वाटलं, मग टाळक्यात प्रकाश पडला. गिळून त्याचा दम्याला काही उपयोग नाही. मशीन कुठाय? तर नातवानं खेळायला घेतलं.

मागच्या वेळी समजावणारी मुलगी केरळची, हुशार, मन लावून काम करणारी, तिनं हिंदीत सांगितलेलं. आजीनं होय होय म्हटलं. आजीच्या पत्र्याच्या डब्यात अजून काय काय होतं, कॅल्शियम, ॲसिडिटीच्या गोळ्या, व्हिटॅमिन, तीन शिबिरांच्या पट्ट्या, अर्ध्या तारीख उलटलेल्या, पाकिटावर इंग्लिशमध्ये दिवसातनं दोनदा. एनएचएसच्या हिशेबात साधारण 25 टक्के कार्बन औषधांचाच आहे, आणि आजीकडं डबाभर औषध न खाताच कचऱ्यात जाणार.

लांब राहिलं की माणसाला सीमाभागातलं भाषेचं भांडण जुनाट वाटायला लागतं, मला तरी वाटायचं. 2023 मध्ये महाराष्ट्रानं मोफत उपचाराची फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकनं आक्षेप घेतला, तेव्हा घरच्या ग्रुपवर दोन दिवस पेटलेलं आणि मी इथनं शहाणपणानं लिहिलेलं की कार्ड कुठलंही असू दे, औषध मिळाल्याशी मतलब. काकानं तेव्हा सुनावलं होतं, "तू इंग्लिशमध्ये आजारी पडतोस, तुला काय कळणार." राग आलेला. आणि ते बरोबरही नव्हतं, इथं आमच्याकडं पेशंटला इंग्लिश येत नसेल तर फोनवर दुभाषा मिळतो, पंजाबी, उर्दू, पोलिश, मी रोज वापरतो, आणि तरी माझ्या गावच्या आजीला तो लागेल हे कधी डोक्यात आलं नाही.

तर भाच्याला शेवटी पॉलिसी लिहून दिली ती अशी, की पांढरा डबा असल्याशिवाय बस हलवायची नाही. गरज नसलेली एक पट्टी पण द्यायची नाही, लोक नाराज झाले तरी, गोळ्या नाही मिळाल्या तर शिबिर कसलं म्हणतात ते मला माहीत आहे. पाणी बाटलीतलं नको, खानापूरची माती एवढी नावाजलेली, तिथं कुंभारकामाची संस्था आहे, दोन माठ घ्या. आणि प्रत्येक टेबलावर मराठी नि कन्नड दोन्ही बोलणारं एक माणूस, औषध कसं घ्यायचं ते पेशंटकडनं वदवून घ्यायचं, इनहेलर असेल तर तिथंच ओढून दाखवायला लावायचा. मोजायची हौस असेल तर 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेडिकलच्या पोरांनी आपल्याच कॉलेजला पर्यावरणाचे मार्क द्यायला सुरुवात केली, आता बऱ्याच देशांत करतात, तेही बघा. पण आधी डबा.

त्यानं नुसतं "ओके मामा" पाठवलं, मला वाटलं झालं, गेली पॉलिसी. परवा एक फोटो आला. शाळेचा फळा, त्यावर खडूनं आरोग्य शिबिर, वर मराठी, खाली कन्नड, अक्षर कुणाचं तरी फार सुंदर, आणि तारीख चुकली होती ती बोटानं पुसून वर नवीन घातलेली.