क्लास चांगला असेल, पण कोणासाठी?

"एखादा चांगला इंग्लिशचा कोर्स सुचवा ना." हा मेसेज मला सतत येतो. कधी स्वतःसाठी, कधी मुलीसाठी, कधी सासूबाईंसाठी. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, म्हणून लोक विश्वासाने विचारतात. पण मी लगेच नाव सांगत नाही. उलट विचारते, इंग्रजीत सगळ्यात आधी कोणतं काम करायचंय, कोणासमोर आणि कधी? यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "असं काही खास नाही, इंग्लिश सुधारायचंय." घोळ इथेच सुरू होतो. एवढ्यावर कोर्स निवडला की फी जाते, वर्ष जातं आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस शेवटी स्वतःलाच दोष देतो. "मला भाषा जमतच नाहीत" म्हणणाऱ्यांना मी खोदून विचारते, आधी काय शिकलात, कसं शिकलात? तेव्हा कळतं की माणसात काही कमी नव्हतं. केलेला कोर्स दुसऱ्याच कोणासाठी बेतलेला होता.

एका विद्यार्थिनीचं सांगते. ऑफिसात ईमेल उत्तम लिहायची. प्रेझेंटेशन तयारी करून नीट द्यायची. पण मीटिंगमध्ये चर्चा सुरू झाली की गप्प. आधी दोन ठिकाणी तिने 'स्पोकन इंग्लिश' केलं होतं. दोन्हीकडे पुन्हा तेच काळ, तेच कर्तरी-कर्मणी प्रयोग आणि आठवड्यातून एकदा वर्गासमोर उभं राहून भाषण. भाषण तर तिला येतच होतं! दुसऱ्याचं बोलणं चालू असताना त्यात शिरणं तिला येत नव्हतं. "एक मिनिट, मला इथे काही सांगायचंय", "तुमचा मुद्दा मला नीट कळला नाही", "हे मला पटत नाही, कारण..." ही वाक्यं लिहायला सांगितली तर तिने बिनचूक लिहिली. चालत्या चर्चेत, दोन सेकंदांच्या फटीत, ती तोंडून बाहेर पडत नव्हती. तिला व्याकरणाचा तिसरा कोर्स नको होता. चार-पाच माणसांत बसून एकमेकांना अडवायचा, शंका विचारायचा, असहमती सांगायचा सराव हवा होता.

बोलण्याबोलण्यातला हा फरक मी मनाने काढलेला नाही. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. ए१ (सगळ्यात खालची), ए२, बी१, बी२, सी१, सी२ (सगळ्यात वरची) या पायऱ्या आता बहुतेक कोर्सच्या माहितीपत्रकात दिसतात, त्या तिथूनच आल्या. त्यात स्वतःची पातळी तपासायचा एक तक्ता आहे आणि त्या तक्त्यात बोलण्याला दोन वेगळे रकाने आहेत. एक समोरच्याशी संवाद करण्याचा, दुसरा आपलं म्हणणं सलग मांडण्याचा. ऐकणं, वाचणं, लिहिणं धरून एकूण पाच. या पाचही रकान्यांत एकाच माणसाची पातळी वेगवेगळी असू शकते. वाचनात बी२ आणि संवादात ए२ अशी माणसं मला नेहमी भेटतात, विशेषतः ज्यांचं इंग्रजी पुस्तकांतून आलंय ती. अशा माणसाची पातळी पन्नास पर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन चाचणीने ठरवली, तर चाचणीत मोजलं जातं त्याचं वाचन आणि त्याला वरच्या वर्गात बसवलं जातं. तिथे तो आणखी मिटतो.

म्हणून प्रवेश देण्याआधी कोणीतरी तुमच्याशी दहा-पंधरा मिनिटं प्रत्यक्ष बोललंच पाहिजे. ज्या क्लासला एवढा वेळ नाही, तिथे जाऊ नका. इतक्या ठामपणे मी फार थोड्या गोष्टींबद्दल बोलते.

आणि डेमो लेक्चरला गेलात तर शिक्षकाचं इंग्रजी किती छान आहे ते ऐकत बसू नका. घड्याळ बघा. साठ मिनिटांच्या तासाला वीस जण असतील आणि अर्धा वेळ शिक्षकच बोलत असेल, तर उरलेली तीस मिनिटं वीस जणांत वाटायची. वाट्याला येतं दीड मिनिट. आठवड्याला तीन तास म्हणजे साडेचार मिनिटं बोलणं. त्यात जीभ कशी वळणार? पण तेच वीस जण जोड्या करून समोरासमोर बोलायला बसवले, तर त्याच तासात प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं सहज मिळतात. वर्ग मोठा असणं हे वाईटच असं मी म्हणत नाही. मोठ्या वर्गात एकट्या शिक्षकाने बोलत राहणं वाईट.

आता वेळेचं. महिन्याभरात फाडफाड इंग्रजी, या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांना भुलतात ती सगळ्यात गरजू माणसं. साधा हिशेब करू. केंब्रिज विद्यापीठाच्या इंग्रजीच्या परीक्षांसाठी, कोणत्या पातळीला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण किती तास लागतात याचे आकडे दिलेले आहेत. अगदी सुरुवातीपासून धरले तर ए२ ला १८० ते २००, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६००. हे अंदाज आहेत, माणसागणिक कमीजास्त होणार. तरी बी१ वरून बी२ वर जायला दीडशे-दोनशे तास हे प्रमाण मनात ठेवा. रोज दोन तास, तीस दिवस म्हणजे होतात साठ. आठवड्याला तीन तासांचा क्लास असेल तर एका पायरीला वर्ष-सव्वा वर्ष. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो, पण आधी कळलेलं बरं. चौथ्या महिन्यात "माझी प्रगतीच नाही" म्हणून सोडून देणारे किती जण खरं तर ठरल्या वाटेवर नीट चाललेले असतात!

परीक्षेसाठी शिकणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे काम आणि तारीख दोन्ही ठरलेले असतात, तरीही घोटाळे होतात. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बरेच जण देतात त्या आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे दोन प्रकार आहेत, ॲकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. ऐकणं आणि बोलणं दोन्हींत सारखं, वाचन आणि लेखन वेगळं. विद्यापीठाला ॲकॅडेमिक हवं असताना जनरलची तयारी करून आलेला मुलगा मी पाहिलाय. त्याची मेहनत आठवली की अजून वाईट वाटतं. ज्या संस्थेकडे गुण पाठवायचे तिला कोणती परीक्षा चालते, कोणत्या विभागात किमान किती लागतात, हे तिच्याच संकेतस्थळावर वाचा. क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. दुसरं, परीक्षेची तयारी आणि भाषा शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेची तयारी म्हणजे आहे ती भाषा त्या साच्यात नीट बसवणं. आयल्ट्समध्ये नऊपैकी साडेपाच बँड (म्हणजे गुण) मिळवणारा माणूस दोन आठवड्यांच्या 'टिप्स'वर सातला पोचत नाही. त्याला आधी भाषेचा कोर्स हवा, परीक्षेचा नंतर. गुणपत्रक साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात, त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

प्रत्येक परीक्षा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी विशिष्ट माणूस असतो. केंब्रिजची प्रोफिशियन्सी परीक्षा १९१३ मध्ये सुरू झाली, ती इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी लोकांसाठी. भाषांतर, उच्चारशास्त्र, व्याकरण असा जवळजवळ बारा तासांचा मामला होता. पहिल्या वर्षी तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं कोण म्हणेल? उलट आजची ओईटी बघा. ही आरोग्यसेवेतल्या बारा व्यवसायांसाठी आहे. नर्सला त्यात पेशंटशी बोलून दाखवावं लागतं आणि पेशंटच्या नोंदी वाचून पत्र लिहावं लागतं. जी बाई दहा वर्षं वॉर्डात काम करते आहे, तिला जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहायला लावण्यापेक्षा हे किती जवळचं! ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयल्ट्स आणि ओईटी दोन्ही चालतात. तरी कितीतरी नर्सेसना दुसरा पर्याय आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं.

वैमानिकांचं उदाहरण मला फार आवडतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत आणि किमान चौथी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि त्यांतली सगळ्यात कमी असलेली बाजू हीच तुमची पातळी. सरासरी नाही! पाच बाजूंना पाचवी आणि ऐकून समजण्यात तिसरी, तर तुम्ही तिसऱ्यावर. ज्याच्या बोलण्यावर विमानातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे त्याचं मोजमाप असंच हवं. आणि याच मोजमापात चौथ्या पातळीला मातृभाषेची छाप असलेला उच्चार चालतो, फक्त त्यामुळे समजण्यात अडथळा अधूनमधूनच यावा. मग ऑफिसात बोलणाऱ्या माणसाने आपला ॲक्सेंट घालवण्यासाठी वेगळा कोर्स का करावा? आपल्या 'व'मध्ये इंग्रजीतले दोन वेगळे ध्वनी एक होतात, ऱ्हस्व-दीर्घ इकाराने शब्द बदलतो, एवढ्या चार-दोन जागा सुधारल्या तरी बोलणं स्वच्छ कळतं. बाकी मराठी हेल राहू द्या. तो तुमचा आहे.

आता ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही त्यांच्याबद्दल. सत्तरीच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा परदेशात, नातवंडांना मराठी जेमतेम. मुलाने त्यांना आधी एका 'बेसिक' वर्गात घातलं होतं. पहिल्या दिवसापासून फळ्यावर स्पेलिंगं आणि बाजूला कॉलेजची मुलं. मराठी त्या झरझर वाचत, पण रोमन लिपी कधी हाताखालून गेलेली नव्हती. आपली लिपी बरीचशी प्रामाणिक आहे, लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीत o-u-g-h ही तीच चार अक्षरं एका शब्दात 'थ्रू', दुसऱ्यात 'टफ', तिसऱ्यात 'दो'. आजींना वाटलं, वयामुळे डोकं चालत नाही. ए१ चे बहुतेक वर्ग लिपी येते असं गृहीतच धरतात. लिपी न येणाऱ्याला आधी कानाने आणि तोंडाने शिकवावं, देवनागरीत लिहून द्यावं, अक्षरं मागून सावकाश आणावीत. आजींना काय हवं होतं? नातवाला "शाळेत आज काय केलंस?" विचारणं आणि त्याचं उत्तर समजणं. फोनवर मुलगा घरी नाही हे सांगणं. डॉक्टरला कुठे दुखतंय ते स्वतः सांगणं. अशा वीस-पंचवीस प्रसंगांचीच आम्ही यादी केली. तोच त्यांचा अभ्यासक्रम. बाजारात असा तयार कोर्स मिळत नाही. एकेकट्याला शिकवणारा शिक्षक शोधावा लागतो, आणि घरच्यांनी रोज दहा मिनिटं त्यांच्याशी बोलावं लागतं.

मुलांबद्दल थोडक्यात. "लहान वयात नाही शिकला तर मग कधीच नाही" या भीतीने तीन वर्षांच्या बाळाला क्लासला घालू नका. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पहिल्या वर्षात डच शिकण्यात तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यात मागे होती आणि बारा ते पंधराची पुढे. उच्चारात लहानपणाचा फायदा पुढे दिसतो हे खरं, पण लहान मुलांना भाषेचा खूप सहवास लागतो. आठवड्याला दोन तासांत तो मिळत नाही. गाणी, गोष्टी, खेळ असतील तर जरूर पाठवा. व्याकरणाची वही दिसली तर थांबा.

आणि हो, "आमच्याकडे पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी" हे गुणवत्तेचं लक्षण मानू नका. अगदी नवशिक्याला 'ए' आणि 'द' कुठे लावायचं हे मराठीत पाच मिनिटांत समजावता येतं, कारण मराठीत ती सोयच नाही हे मराठी जाणणाराच ओळखतो. बी१ च्या पुढे मात्र वर्गात मराठी ऐकू आली तर तक्रार करा. तिथे ती पळवाट होते. शिक्षक इंग्लंडचा असण्याची गरज मला कधीच वाटली नाही. त्याने स्वतः एखादी परकी भाषा कष्टाने शिकलेली असावी, हे मी जास्त बघते.

ॲप्सबद्दल विचारतात, तर शब्द पक्के करायला आणि रोजची सवय लागायला ती ठीक आहेत. ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशवर विनामूल्य खूप काही आहे, ते आजच सुरू करा, कोर्सची वाट बघू नका.

या आठवड्यात ज्यांनी मेसेज केलेत, त्या सगळ्यांना मी उत्तर देणार आहे. फक्त मला चार गोष्टी लिहून पाठवा. कोण शिकणार आहे, इंग्रजीत पहिलं काम कोणतं, ते कोणत्या महिन्यात करायचंय, आणि आठवड्यातले किती तास खरोखर हातात आहेत. शेवटच्या उत्तरात नोकरी, घर, प्रवास सगळं वजा करून उरलेले तास लिहा. तीन उरत असतील तर तीनच लिहा. तीन तासांतही बसेल असं काहीतरी आपण शोधू.