आवतन हातात द्यायचं

परवाच्या रविवारी बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी २२ माणसं जेवायला होती. थीम होती 'घडी'. ताटात येईल ते दुमडलेलं, गुंडाळलेलं नाहीतर पुडीत बांधलेलं. अळूवडी, सुरळीची वडी, पुडाची वडी, परसातल्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, आत झुणका घालून दुमडलेली ज्वारीची भाकरी, शेवटी विडा. आणि मान मांड्यांचा. कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, ठेवला नाही. दोघातिघांनी विचारलं, पण कुंद्याला घडी नाही. थीम ठरवली की ती पाळायची, या मताची मी आहे.

पण आज लिहायचंय ते आवतनाबद्दल. जेवायला बोलावणं हे जेवणाचंच पहिलं वाढप आहे. ग्रुपवर एक मेसेज टाकला की तो पन्नास मेसेजांखाली जातो, आणि माणसाला आपल्याला बोलावलंय असं वाटतच नाही. आमची आज्जी हळद-कुंकू आणि अक्षता घेऊन घरोघर जायची, उंबऱ्यावर उभी राहून सांगायची. ते मला परत आणायचं होतं.

म्हणून कागदाचे मांडे केले. खडेबाजारातून पांढरा पतंगी कागद आणला. चहाच्या कोऱ्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर हलके डाग दिले, भाजल्यासारखे. पहिले पाच फाटले, कारण कागद ओला असतानाच मी घडी घालायला गेले. खऱ्या मांड्याचं नेमकं उलटं आहे: तो गरम आणि मऊ असतानाच दुमडावा लागतो, गार झाला की कडक होऊन मोडतो. हातांवर फिरवत फिरवत पारदर्शक होईपर्यंत वाढवलेली पोळी पालथ्या कढईवर टाकायची, वर पिठीसाखर आणि खसखस भुरभुरायची, आणि काही क्षणांत चारी बाजूंनी घडी. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईनं मांडे भाजले ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. मांडेवाल्या बाईंचे हात जवळून बघितले की त्या कथेतला जाळ कळतो.

माझ्या मांड्याच्या घडीत चिमूटभर अक्षता होत्या, आणि एकच ओळ: 'मनात पुष्कळ खाल्लेत, आता ताटात खायला या.' खाली वार, वेळ, घर.

समोरच्या काकू घरी कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी तीच ओळ कन्नडात हवी म्हणून त्यांच्या लेकीकडे गेले. अर्थ सांगायला लागले तर ती मला थांबवून म्हणाली, "आमच्यात पण तसंच म्हणतात की, मनसिनल्ली मंडिगे तिन्नोदु." मनातल्या मनात मंडिगे खाणं! इतकी वर्षं समोरासमोर राहून हे मला माहीत नव्हतं. मला खूप आनंद झाला. मग मी २२ही आवतनं दोन्ही लिपींत केली. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आपल्याकडे पाट्यांवरच्या लिपीवरून किती काय झालं ते मी घरातच ऐकत वाढले. मराठीचं प्रेम माझ्यात तसूभरही कमी नाही. पण घडीला वरची-खालची बाजू नसते. डावीकडून उघडली की मराठी, उजवीकडून उघडली की कन्नड.

प्रत्येक आवतन मी स्वतः जाऊन दिलं. तीन संध्याकाळी गेल्या. अनगोळमध्ये एका घरी अर्धा तास बसले, तेव्हा कळलं की त्यांच्या सासऱ्यांना दात नाहीत. त्यांच्यासाठी मांडा गरम दुधात कुस्करून, वर तूप घालून वेगळा ठेवला. मेसेजमधून हे मला कोण सांगणार होतं?

ज्यांनी कसं करायचं विचारलंय त्यांच्यासाठी: कागद पूर्ण वाळू द्या, रात्रभर. आधी दोन बाजू मध्यावर आणा, मग उरलेल्या दोन. डिंक नको, घडी आपोआप बसते. आणि मांडेवाल्या बाईंना आठ दिवस आधी सांगा, आकडा नक्की करून. ऐनवेळी चार जास्त मागितले तर त्यांना परत कढई तापवावी लागते.