पंख नको म्हणणाऱ्या मुलीबद्दल – काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नाताळच्या नाटुकल्यात देवदूताचे पंख नको म्हणणाऱ्या एका मुलीबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं, आणि मुलांना विचारूनच भूमिका द्याव्यात असं म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : "नाताळच्या नाटुकल्यात पोरांना विचारून भूमिका द्यायची, हे खूळ बाहेरून आलंय. आज पंख नको म्हणेल, उद्या मिस्सा (चर्चमधली उपासना) नको म्हणेल. बाप्तिस्म्याच्या वेळी कुठे विचारलं होतं?"

बाप्तिस्म्याचंच आधी बघू. तान्ह्या बाळाच्या वतीने आईवडील बोलतात, बरोबर. पण आपल्या कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला समज आली असं धरतात. त्यानंतर बाप्तिस्मा द्यायचा तर त्याला मोठ्यांचे नियम लागतात, म्हणजे इच्छा त्याने स्वतः दाखवावी लागते. नुसती आईवडिलांची इच्छा पुरत नाही. एवढ्या मोठ्या संस्कारासाठी चर्च आठ वर्षांच्या मुलाचा होकार मागतं, मग कापडी पंखांसाठी आपण का मागू नये?

ज्या मुलीबद्दल मी लिहिलं, तिचे पंख तारेचे होते. इलॅस्टिक काखेत रुतून लाल वळ उठले होते. अंगात बिनबाह्यांचा सॅटिनचा फ्रॉक, डिसेंबरची थंडी, आणि मध्यरात्रीच्या मिस्सासाठी नऊपासून उभी. "घरी जाऊ या" म्हणत रडत होती, आणि आई म्हणत होती, "फोटो होऊ दे, मग काढू." तिथे कुणी दुष्ट नव्हतं, काका. सगळे तिच्या कौतुकातच होते, म्हणून तर तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

आता 'बाहेरून'. बालहक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये मंजूर केला. व्हॅटिकनने तो १९९० मध्येच स्वीकारला, भारताने १९९२ मध्ये. व्हॅटिकनने आईवडिलांचे हक्क राखूनच सही केली, हे तुमच्या बाजूचं आहे आणि मला मान्य आहे. करारातलं चौदावं कलमही धर्माच्या बाबतीत मुलाला दिशा देण्याचा हक्क आईवडिलांना देतं, पण मुलाची समज वाढेल त्या बेताने. आणि आपण बडोद्याचे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं, तेव्हाच मूल म्हणजे निव्वळ घरच्यांच्या मर्जीचा मामला नाही हे इथे ठरलं होतं.

पंख नको म्हणणारं मूल देवाला नको म्हणत नसतं. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने योसेफ व्हायला साफ नकार दिला. तोच येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात गवत पसरायला, मेंढरं मांडायला सगळ्यांच्या आधी हजर, आणि दिव्यांच्या माळेला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. मुलांच्या मिस्साविषयी व्हॅटिकनची १९७३ची मार्गदर्शिका हेच सांगते : जागा आणि वेदी तयार करणं, गाणं, वाद्य वाजवणं, वाचन, अशी कामं जास्तीत जास्त मुलांना द्या. नाटकातली भूमिका ही सहभागाची एकच वाट नाही.

रविवारच्या मिस्साचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची आहे. कंटाळा आला म्हणून दहा वर्षांच्या मुलाला घरी ठेवावं, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. त्याला बरोबर न्यावं, आणि कंटाळा का येतो तेही विचारावं. पण नाटुकलं आपण मोठ्यांनी हौसेने बसवलेलं असतं, आणि तिथे मुलाचा नकार ऐकलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.