‘दिवा विझतो’ म्हणे!

विश्रामबागच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तीनदा आला. मेंदूची दोन चित्रं. एकावर लाल-पिवळे ठिपके, दुसरं जवळजवळ कोरं. खाली लिहिलंय: ‘पाळी गेली की हार्मोन संपतात आणि बाईच्या मेंदूतला कामेच्छेचा दिवा कायमचा विझतो. स्कॅनवर सिद्ध झालंय. आता देवाधर्मात मन रमवा.’ सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मीही टाकला, त्याची लाज वाटते.

चित्र खोटं नसेलही, वाचणाऱ्याची रीत खोटी आहे. असले स्कॅन बहुधा एमआरआयने काढतात, आणि एमआरआय इच्छा मोजत नाही. मेंदूच्या कुठल्या भागाचा रक्तपुरवठा वाढला ते बघतो, आणि ठरावीक मर्यादेवरचा फरक तेवढाच रंगवला जातो. कोरा भाग म्हणजे बंद भाग नव्हे. कोरियातल्या अशा प्रयोगांत कामुक चित्रफीत बघताना पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूतल्या, भावना-संवेदना सांभाळणाऱ्या थॅलॅमस, अमिग्डाला वगैरे भागांचा प्रतिसाद तरुणींपेक्षा कमी दिसला, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि बायका होत्या मोजक्याच. शिवाय त्या नळीतला खडखडाट! मिरजेत गुडघ्याचा एमआरआय काढताना मला रामरक्षेशिवाय काही सुचलं नव्हतं.

‘कायमचा’ म्हणाल, तर 2006 सालच्या एका अमेरिकी प्रयोगात पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनच्या जोडीला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी म्हणतात, पण बायकांतही असतं ते हार्मोन) दिल्यावर हाच प्रतिसाद वाढला. तोही छोटाच प्रयोग. उठून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

‘हार्मोन संपतात’ हेही अर्धवट. इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं. टेस्टोस्टेरॉन मात्र तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत आलेलं असतं. ते गपकन पडतं अंडाशय काढल्यावर. आपल्याकडे नुसतं ‘पिशवी काढली’ म्हणतात. अंडाशय ठेवले की काढले, हे कित्येकींना ठाऊकच नसतं. बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या, ऐन तिशीत पिशवी काढलेल्या बायकांनीही जपमाळच घ्यायची का?

आणि मेसेजात जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे कोरडेपणा. इस्ट्रोजेन घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा जातो, संबंधाच्या वेळी आग होते. आमच्या थोरल्या जाऊबाई दोन वर्षं भाऊजींना ‘पाठ दुखतेय’ सांगत होत्या. दुखत होतं भलतीकडेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून इस्ट्रोजेनचं मलम लिहून दिलं. ती ट्यूब देव्हाऱ्याखालच्या खणात, फुलवातींच्या डब्यामागे असते. ‘मला वाटलं, मनच उडालं,’ त्या म्हणाल्या, ‘मन कुठलं उडतंय, भीती बसली होती गं.’ अंगातून वाफा निघून रात्रीत तीनदा उठणाऱ्या बाईचंही तेच. तिला आधी झोप हवी असते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एकही इमोजी आला नाही. रात्री दोघींनी वेगवेगळं विचारलं, मलमाचं नाव काय? मी डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.