‘मशीन खोटं आहे’ या रिव्ह्यूला लॅबचं उत्तर

नमस्कार भाऊ. लाईन नव्हती म्हणून तुम्हाला दुपारभर बसावं लागलं आणि रिपोर्टसाठी भद्रावतीहून परत यावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलं की "कंपनीच्या कागदावर हार्डनेस (कडकपणा) २८०० आहे, यांनी २३६५ काढला, मशीन खोटं आहे, वरून माझ्या रिंगला चिरा पाडल्या." हे वाचून गप्प बसवत नाही.

तुमची पंपाच्या सीलची रिंग सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे कडक सिरॅमिकची. कंपनीचा कागद तुम्हीच व्हॉट्सॲपवर टाकला होता, तो पुन्हा उघडून पाहा. २८०० च्या पुढे बारीक अक्षरात ‘एचव्ही ०.१’ आहे. एचव्ही म्हणजे व्हिकर्स हार्डनेस, मालावर हिऱ्याचं टोक दाबून ठसा मोजायचा. ०.१ म्हणजे त्या हिऱ्यावर १०० ग्रॅम भार. आमच्या रिपोर्टवर ‘एचव्ही १’ आहे, म्हणजे १ किलो. इतक्या कडक मालावर भार हलका ठेवला की आकडा चढतो, वाढवत नेला की उतरतो आणि पुढे कुठेतरी स्थिरावतो. मालही तोच, हिराही तोच. सिरॅमिकच्या व्हिकर्स चाचणीचं एएसटीएम सी १३२७ हे अमेरिकन मानक १ किलोची शिफारस करतं, म्हणून आम्ही तोच लावतो. कॅटलॉगवाल्याला मोठा आकडा छापायला आवडतो, त्यात त्याचाही दोष नाही. भार तर त्यानं लिहिलाच आहे.

आता मोजणीचं. हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड, समोरासमोरच्या बाजूंमध्ये १३६ अंशांचा कोन. तो दाबायचा, १५ सेकंद धरायचा, उचलायचा आणि ठशाचे दोन्ही कर्ण मायक्रोस्कोपखाली मोजायचे. ठसा जितका लहान, तितका हार्डनेसचा आकडा मोठा. तुमच्या रिंगवर सरासरी कर्ण २८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आला, केसाच्या जाडीच्या निम्माही नाही. तोच २७ वाचला असता तर आकडा २५४४ झाला असता. एका मायक्रॉनला जवळपास १८० चा फरक! १०० ग्रॅमवर तर ठसाच ८ मायक्रॉनचा, तिथे अर्धा मायक्रॉन इकडेतिकडे झाला तरी ३०० च्या वर फरक पडतो. म्हणून पॉलिश आरशासारखं लागतं. तुम्ही रिंग ग्राइंडिंगच्या रेषांसकट आणली आणि म्हणाले, "अर्ध्या तासात करून द्या." डायमंड पेस्टनं घासायलाच त्याहून जास्त वेळ जातो भाऊ.

अजून एक, लिहायचं नव्हतं पण लिहितो. हिरा खाली असताना तुम्ही टेबलावर कोपर टेकवून फोनवर बोलून राहिले होते. आमच्यासमोरून कोळशाचे डंपर जातात, म्हणून मशीन ग्रॅनाइटच्या फरशीवर रबर टाकून बसवलं आहे. तुमच्या कोपराला रबर कुठून लावू? तो ठसा पुसट आला, तो मी हिशेबात धरला नाही. त्याचे पैसेही लावले नाहीत. मशीनचं म्हणाल तर रोज सकाळी प्रमाणित ब्लॉकवर, म्हणजे ज्याचा हार्डनेस आधीच ठरलेला आहे अशा तुकड्यावर, तपासूनच काम सुरू होतं. त्या दिवसाची नोंद रजिस्टरात आहे, येऊन पाहा.

चिरांचं थोडक्यात. असा माल लोखंडासारखा दबून पसरत नाही, ताण ठशाच्या कोपऱ्यांतून चिरा होऊन बाहेर येतो. या चिरांच्या लांबीवरून माल किती चिवट आहे याचा अंदाजही काढतात. ठसे रिंगच्या मागच्या अंगाला घेतले, घासणाऱ्या तोंडावर नाही. शक्यतो वेगळा तुकडा आणा, असं फोनवर सांगितलं होतं.

पुढे रिपोर्टवर भार मोठ्या अक्षरात छापायचं पाहतो. नूप नावाच्या दुसऱ्या हार्डनेस चाचणीचा लांबट हिरा घ्यायचाही विचार आहे, त्याचा ठसा लांब येतो, वाचायला सोपा जातो आणि चिराही कमी पडतात. किंमत ऐकून अजून हिंमत झाली नाही. बसायला पंखाही लावतो.

इकडे आडगावात असं काम करणारा दुसरा कोणी नाही, तरी गिऱ्हाईक मोजकंच आहे. तुमचा रिव्ह्यू वाचून खाणीच्या पंपाच्या एका ठेकेदारानं कालच विचारलं, "मशीन बरोबर आहे ना?" स्टार एकच ठेवा, उशीर झाला हेही राहू द्या. ‘मशीन खोटं’ तेवढं काढा. आणि कंपनीला १ किलोचा आकडा लेखी मागा. तो आमच्याशी जुळला नाही तर रिंग घेऊन या, तुमच्यासमोर पुन्हा मोजतो, पैसे घेणार नाही.