प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरातली बाकीची पानं

7 नोव्हेंबर जवळ आला की साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरातल्या त्या पानाचा फोटो सगळीकडे फिरायला लागतो. क्रमांक 1914, भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिलीत प्रवेश, सन 1900. राज्य सरकारने 2017 साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, ते योग्यच झालं. पण त्या फोटोखाली हमखास 'बाबासाहेबांना घडवणारी शाळा' असं लिहिलेलं असतं आणि तिथे माझं अडतं.

घडवलं कोणी? घडवलं सुभेदार रामजींनी. पलटणीतून निवृत्त झालेला हा माणूस पोरांच्या अभ्यासाबाबत कुणाचं ऐकणारा नव्हता. शाळेने काय दिलं? नाव दाखल करून घेतलं आणि वर्गातला एक कोपरा दिला. साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बसायला वेगळं तरट, तेही संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, शिपाई नसेल तर पाणी नाही. गावात न्हाव्यांची वाण नव्हती आणि घरात पैसेही होते, तरी केस कापायची ती थोरली बहीण, घराच्या ओट्यावर बसवून.

हे सगळं भाषणात 'हालअपेष्टा सोसून' या दोन शब्दांत आटोपतं. मग लगेच टाळ्या.

शाळेची कुळकथा तशी भारी आहे. सातारचं राज्य डलहौसीने 1848 साली वारस नाही म्हणून खालसा केलं आणि 1851 साली इथे ही सरकारी शाळा सुरू झाली. पुढे ती भरू लागली थेट जुन्या राजवाड्यात. हा वाडा 1824 साली बांधला छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी, ज्यांना इंग्रजांनी 1839 साली पदच्युत करून काशीला पाठवलं. महाराज 1847 साली तिकडेच वारले. त्यांचं स्वतःचं लहानपण दुसऱ्या बाजीरावाच्या नजरकैदेत गेलं. आईसाहेबांनी त्यांना रात्री चोरून लिहावाचायला शिकवलं, असं सांगतात. चोरून शिकलेल्या राजाचा वाडा, त्यात राज्य गिळणाऱ्या सरकारची शाळा आणि नंतर त्या शाळेला त्याच राजाचं नाव. वाड्यासमोरच्या गोलबागेपाशी भेळ खाताना किती जणांच्या हे डोक्यात येत असेल, देव जाणे.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शब्द 'सरकारी'. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. तो नाकारला गेला आणि एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवायला मुंबई सरकारही धजलं नाही. प्रकरण वरपर्यंत गेलं. 1858 साली सरकारला जाहीर करावं लागलं की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या राहतील. भिवाचं नाव साताऱ्याच्या रजिस्टरात चढलं, त्यामागे कुणा हेडमास्तरांचं औदार्य असेलही, पण आधार होता तो या नियमाचा. आणि नियमाने काय होत नाही, ते त्या तरटाने दाखवलं. 1923 साली समाजसुधारक रावबहादूर सी. के. बोले यांना मुंबईच्या कायदेमंडळात पुन्हा ठराव आणावा लागला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरू द्या. म्हणजे पासष्ट वर्षं दार कागदावरच उघडं होतं!

याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी बिऱ्हाड हलवलं आणि सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात, एका पंगतीत बसवली. मधली वर्षं फक्त चोवीस. तेच गाव, तीच माणसं. म्हणजे 1900 सालीही ते जमण्यासारखं होतं. 'तो काळच तसा होता' ही सबब मला म्हणूनच पटत नाही.

आता ही शाळा जिल्हा परिषदेची आहे. दार सताड उघडं आहे, पण त्यातून आत जायला आपण तयार नाही. 7 नोव्हेंबरला हार घालायला येणाऱ्यांपैकी (पुढारी, अधिकारी, आम्ही फेसबुकवरचे विचारवंत, सगळे धरा) कितीजणांची मुलं झेडपीच्या शाळेत आहेत? मी कुणाला दोष देत नाही, इंग्रजी माध्यमाची ओढ मला कळते. पण ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची पोरं शाळेतून गेली, की गळक्या छपरासाठी कचेरीत जाऊन भांडणारंही कोणी उरत नाही. मग पट घसरतो, आणि पट घसरला म्हणून शिक्षक कमी होतात. सरकारी शाळा बंद करायला हल्ली हुकूम लागत नाही.

आणि एक मागणी. ते एक पान सगळ्यांनी पाहिलंय. मला त्याच्या मागची-पुढची पानं वाचायची आहेत. 1858 नंतर या शाळेत दलित समाजातली पहिली नोंद कुणाची? 1900 ते 1923 मध्ये अशी किती मुलं आली, त्यातली मॅट्रिकपर्यंत किती टिकली, आणि शाळा सोडल्याच्या रकान्यात कारण काय लिहिलंय? जिल्हा परिषदेने जुन्या रजिस्टरांच्या चांगल्या प्रती काढून घ्याव्यात आणि इतिहासाच्या एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याला वर्षभर त्यावर बसवावं. खर्च एका हार-तुरे-मंडपाच्या कार्यक्रमाएवढासुद्धा येणार नाही. साताऱ्यातल्या कॉलेजात शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर बोला, मोडी वाचणारी दोन माणसं मी जोडून देतो.